साडेआठनंतरचा स्वयंपाक

इतिहासकार नावाच्या माणसाला रात्री साडेआठनंतर भूक लागत नसावी. त्यांची पुस्तकं वाचून तरी तसंच वाटतं. राज्याभिषेकाला किती पंगती उठल्या, लग्नात तूप किती मण लागलं, कुठल्या सरदाराच्या ताटात किती कोशिंबिरी होत्या, हे सगळं तपशीलवार सापडतं. मेजवानी म्हटली की इतिहासकार पाट मांडून हजर! पण बुधवारची रात्र आहे, घरात भाजी नाही, नळाचं पाणी गेलंय, पोरं पेंगायला लागलीत आणि "म्हटलं, जाता जाता डोकावून जावं" असं म्हणत दोन पाहुणे दारात चपला काढतायत. या प्रसंगी पुढच्या वीस मिनिटांत त्या घरात काय घडलं, याची नोंद कुठल्याही बखरीत नाही. खरं म्हणजे अशी रात्र महाराष्ट्रात राज्याभिषेकापेक्षा किती तरी जास्त वेळा झालेली आहे.

मी इतिहासाचा माणूस नव्हे. मी बी. कॉम., बँकेतला कारकून. पण नोंद नसलेला व्यवहार म्हणजे काय, हे मात्र मला कळतं. लेजरात जी रक्कम दिसत नाही ती नसतेच असं नाही. ती कुणी तरी भरलेली असते आणि पावती फाडायची राहिलेली असते, इतकंच. तर ही त्या न फाडलेल्या पावत्यांची गोष्ट.

या विषयातली सगळ्यांत जुनी केस वनपर्वातली. पांडव वनवासात असताना सूर्याने त्यांना एक थाळी दिली होती. कितीही माणसं येवोत, थाळी पुरवठा करणार. अट एकच. द्रौपदी जेवली की थाळी त्या दिवसापुरती बंद. ही अट वाचताना मला आमचं कॅश काउंटर आठवतं. एकदा रोकड मिळवून तिजोरीला किल्ली लागली की साक्षात कुबेर स्लिप भरून आला तरी त्याला "उद्या या" म्हणावं लागतं. दुर्योधन हा माणूस वाईट असला तरी त्याला घरगुती व्यवहाराची जाण होती. त्याने दुर्वास ऋषींना नेमकं सुचवलं, की द्रौपदी जेवून झाल्यावर जा. दुर्वास गेले. बरोबर दहा हजार शिष्य! "आंघोळ करून येतो, पान वाढ," म्हणून नदीवर उतरले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. द्रौपदीने कृष्णाचा धावा केला, कृष्ण आला आणि त्याने थाळीला चिकटून राहिलेलं भाजीचं एक पान तोंडात टाकलं. तिकडे नदीत उभ्या दहा हजार जणांना तृप्तीचे ढेकर आले आणि मंडळी परस्पर पसार झाली.

ऐनवेळच्या स्वयंपाकाची इतकी झटपट कृती पुन्हा कुणाला साधलेली नाही. पण ती ज्यांचा भाऊ कृष्ण आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांसाठी बेसन.

या गोष्टीत एक बारीकशी गोष्ट आहे, तिच्याकडे कीर्तनकारांचंही लक्ष जात नाही. द्रौपदी सगळ्यांच्या शेवटी जेवत होती. त्या अटीचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

यानंतर मी एकदम थोरल्या बाजीरावांपाशी येतो. मधली शतकं गाळली म्हणून रागावू नये, इतिहासकारही सोयीप्रमाणे गाळतात. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध केला, त्यात एक हकीकत आहे. निजामाने आपला एक नामांकित चित्रकार पाठवला आणि सांगितलं, बाजीराव तुला ज्या अवस्थेत पहिल्यांदा दिसेल तसाच काढून आण. चित्र आलं. घोड्यावर बसलेले बाजीराव, खांद्यावर भाला, आणि जोंधळ्याची कणसं दोन्ही हातांनी चोळून चालत्या घोड्यावरच दाणे खातायत. ना चूल, ना फोडणी, ना मागे खरकटी भांडी! १७२८ साली पालखेडला निजामाची जी कोंडी झाली, त्यात या कणसांचा वाटा मोठा असला पाहिजे असं माझं मत आहे. निजामाबरोबर जड तोफा आणि सगळा लवाजमा. तो स्वयंपाकाला थांबणार, तोवर हे पुढच्या मुक्कामाला.

फक्त एक लक्षात घ्या. बाजीराव स्वतःपुरते दाणे चोळत होते. दारात आत्याचे दीर आणि त्यांचा मेहुणा उभा असता, तर भल्या पेशव्यालाही घोड्यावरून उतरावं लागलं असतं.

आता आमच्या मंगळवार पेठेकडे वळू. राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली, धरण बांधायला घेतलं, मल्लांना आणि कलावंतांना आश्रय दिला. त्यांच्याविषयी बोलताना कोल्हापूरकर पायातली चप्पल काढतो, मीही काढतो. पण चप्पल काढूनच सांगतो, की पेठेतल्या चुलींवर महाराजांनी थोडा जास्तीचा भार टाकला. १९०२ साली महाराज विलायतेला गेले, तेव्हा वाटेत त्यांनी रोममधलं ते जुनं वर्तुळाकार मैदान पाहिलं. परत आल्यावर तसंच काही तरी आपल्या पैलवानांसाठी हवं असं त्यांच्या मनात आलं आणि १९१२ साली आमच्या पेठेला लागून खासबाग मैदान उभं राहिलं. वर कुठेही बसा, हौद्यातली कुस्ती स्वच्छ दिसते. लगेच १९१५ साली त्याला खेटूनच पॅलेस थिएटर झालं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळालं, त्या रात्री सगळं गाव रस्त्यावर येऊन हळहळत उभं होतं. असो.

आता हिशेब करा. तीन वर्षांच्या आत एका पेठेच्या कडेला कुस्तीचं मैदानही आलं आणि नाटकाचं थिएटरही. कुस्ती संध्याकाळी सुटणार, नाटक मध्यरात्री. पंचक्रोशीतला माणूस गावात येणार आणि त्याचं लांबचं का होईना, एक नातं मंगळवार पेठेत निघणारच! पुढे १९४८ च्या जूनमध्ये पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि बघता बघता गावोगाव पसरली. तिने महाराष्ट्राला "शेवटची गाडी चुकलेला माणूस" दिला. बैलगाडी चुकत नाही, ती आपलीच असते. एसटी चुकते. रोमच्या बादशहांनी सिंह झुंजवायला जे मैदान बांधलं, त्याचा परिणाम दोन हजार वर्षांनी आमच्या आजीच्या बेसनाच्या डब्यावर झाला. असली कारणपरंपरा कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळणार!

आणि हा पाहुणा भुकेला आहे असं कधीच सांगत नाही. ओसरीवर टेकतो, तांब्याभर पाणी पितो आणि म्हणतो, "कायबी करत बसू नगासा वैनी. आमी काय परकं हाय व्हय? जे असंल ते चालतंय." वाचकहो, मराठी भाषेत याहून धोकादायक वाक्य नाही. "जे असंल ते" याचा अर्थ, जे नाही ते करा. आतून उत्तर येतं, "बसा की वो. आत्ता करतो, किती वेळ लागतोय." परगावच्या लोकांसाठी खुलासा करतो. कोल्हापुरात बायकाही "मी करतो", "मी येतो" असंच म्हणतात. क्रियापद पुरुषाचं वापरतात. काम तेवढं त्यांचं त्याच करतात.

मग ते सुरू होतं. कढईत तेल, मोहरी तडतडते, कांदा पडतो, लसूण पडतो, कोल्हापुरी चटणीचा एक चमचा पडतो आणि ओसरीवरच्या पाहुण्याला ठसका लागतो. पाण्याला उकळी आली की एका हाताने बेसन भुरभुरायचं, दुसऱ्या हाताने हाटायचं. गाठी होऊ द्यायच्या नाहीत. झाकण ठेवायचं, एक वाफ. दुसरीकडे भाकरी थापल्याचा आवाज. तोवर तव्यावर मिरच्या-लसूण भाजून, मीठ घालून, तांब्याच्या बुडाने तव्यावरच रगडलेला खर्डा तयार. (आमच्यासारखे खर्डेघाशी करणारे दिवसभर कागदावर जे घासतात त्यापेक्षा तो केव्हाही चवदार.) वीस मिनिटांत पानं मांडली जातात. पाहुणा पहिला घास घेतो आणि म्हणतो, "व्वा! वैनींचा हात म्हंजे जादू हाय."

इथेच माझं कॉमर्सचं डोकं भडकतं. जादू कसली? वीस मिनिटांचा स्वयंपाक वीस मिनिटांत होत नाही. कॉस्टिंगच्या पेपरात असा हिशेब लिहिला तर नापास करतील.

त्या एक चमचा चटणीचंच घ्या. ती एप्रिल-मेमध्ये होते. मिरची गडहिंग्लज बाजाराची की आणखी कुठली, संकेश्वरी किती आणि ब्याडगी किती, यावर पेठेत आठ दिवस खल चालतो. एकीने तिखटपणा द्यायचा, दुसरीने रंग. मिरच्या उन्हात वाळवायच्या, देठं काढायची. त्या रात्री हाताची आग होते म्हणून खोबरेल लावून बसायचं. धणे, तीळ, खोबरं, खडा मसाला वेगवेगळा भाजायचा. कांदा चिरून तळायचा. लसूण किलोच्या मापात सोलायचा. मग डबे घेऊन डंकावर नंबर लावायचा आणि कुटणाऱ्याच्या डोक्याशी उभं राहायचं, नाही तर शेजारणीची चटणी आपल्या डब्यात येते. त्या महिन्यात सगळी गल्ली शिंकत असते. मग ती बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचा खडा. पाठोपाठ सांडगे, पापड, कुरडया, शेवया. गच्चीवर साड्या अंथरून वाळवणं आणि कावळे हाकायला पोरं. मी स्वतः या खात्यात दोन उन्हाळे काढलेत. कुरडईचा चीक खाण्याच्या बोलीवर.

म्हणजे बघा, हे चक्क फिक्स डिपॉझिट आहे. उन्हाळ्यात भरलं, वर्षभर ठेवलं आणि पाहुणा आला की मुदतीआधी मोडलं. आमच्या बँकेत मुदतीआधी ठेव मोडली तर आम्ही व्याज कापतो. इथे कुणी कापत नाही, कारण व्याज मुळात कुणी धरलेलंच नाही. ठेवीवर नाव कुणाचं? कुणाचंच नाही. जादू!

पाकशास्त्राच्या पुस्तकांनीही या खात्याकडे उशिराच पाहिलं. रामचंद्र सखाराम गुप्त्यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्रा'त हजार पाकक्रिया, साल १९१०. पुस्तकं थोरच. पण हजार कृती वाचून त्यातली एक निवडण्याइतका वेळ असलेल्या घरात मुळात पाहुण्याने जेवणाआधी कळवलेलं असणार. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापात बोलली, तेव्हा कुठे नवी सून पीठ लागलेल्या हाताने पान उलटायला लागली. त्या पुस्तकाच्या लाखावर प्रती गेल्या. आमच्या घरातल्या प्रतीला हळदीचे डाग आहेत. पुस्तक वापरात असल्याचा याहून चांगला शिक्का नाही.

मग आली यंत्रं. वेळ वाचवणारी. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थाने दाबावर चालणारा रॉकेलचा स्टोव्ह काढला. तो प्रायमस म्हणून जगभर गेला आणि आपल्याकडे घरोघर फरफरायला लागला. पंप मारायचा, पिन मारायची, ओतलेलं स्पिरिट पेटवायचं आणि मागे सरकायचं. चूल फुंकण्यापेक्षा झटपट, यात शंका नाही. पण मी लहान होतो त्या दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी वारंवार असायची, दोन-तीन ओळींची. स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. वय वीस, बावीस. आई ती बातमी वाचायची आणि काही बोलायची नाही. नेहमी सुनेचाच पदर कसा पेटतो, सासूचा किंवा नवऱ्याचा सदरा का पेटत नाही, हे विचारायला देशाला बराच वेळ लागला. १९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ कलम आलं. काही भडके खरोखरच घाईचे होते, काही नव्हते. पण पोलिसांच्या कागदावर दोन्हींचं कारण एकच लिहिलं जायचं, स्वयंपाक करत असताना. या विषयावर विनोद सुचत नाही, आणि सुचू नये.

कुकरची गोष्ट त्या मानाने हसरी. डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली वाफ कोंडणारं भांडं केलं आणि १६८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या विद्वानांना त्यात शिजवलेलं जेवण घातलं. हाडं लोण्यासारखी मऊ झाली म्हणतात. हे भांडं आपल्या स्वयंपाकघरात यायला पावणेतीनशे वर्षं गेली. हॉकिन्स आणि प्रेस्टिज, दोघांचेही भारतातले कुकर १९५९ पासूनचे. योगायोग असा, की त्याच १९५९ च्या मार्चमध्ये मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. एकाच वर्षात वाळवणाला पगार मिळाला आणि डाळीला शिट्टी. त्यानंतर आपल्या बायकांनी घड्याळ बघणं सोडलं. भात तीन शिट्ट्या, डाळ चार. आमच्या शेजारच्या काकू तर चौकातलं दुकान किती लांब आहे तेही शिट्ट्यांतच सांगतात.

गॅस मुंबईत १९५५ साली आला. आमच्याकडे पोचायला नंबर लावून बसावं लागलं आणि नंबर लावणारा लग्नाचा मुलगा नंबर येईपर्यंत बाप झालेला असे. १९८३ साली दोन मिनिटांच्या शेवया आल्या. दोन मिनिटांत त्या आजवर कुणाच्याही घरी झालेल्या नाहीत, पण आकडा गोड आहे. सरकारलाही अखेर या विषयाची दखल घ्यावी लागली. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. सबंध महाराष्ट्राच्या इतिहासात पिठल्याचं सरकारी दप्तरात नाव लागलं ते तेवढंच! पुढे योजना गुंडाळली. एका रुपयात झुणका परवडत नाही हे सरकारला पाच वर्षांनी कळलं. घरात तो फुकट कसा परवडत होता, हे विचारावंसं मात्र कुणाला वाटलं नाही.

ते मला कळलं २०१६ साली. ८ नोव्हेंबरच्या रात्री आठ वाजता, म्हणजे नेमक्या भाकरी थापायच्या वेळेला, पाचशे आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद झाल्याचं पंतप्रधानांनी जाहीर केलं. दहा तारखेला बँका उघडल्या आणि पुढचे काही आठवडे आम्हा कारकुनांचं साडेआठनंतरचं आयुष्य सुरू झालं. शनिवार नाही, रविवार नाही. रांगेत बायका खूप होत्या. एकट्या आलेल्या, पिशवी पोटाशी धरलेल्या. काउंटरवर त्या नोटा सरकवायच्या आणि आधी मागे वळून बघायच्या, ओळखीचं कुणी नाही ना. नोटा चौपदरी घडीच्या, कडक. मोजायला घेतल्या की वास यायचा. हिंगाचा, हळदीचा, मेथ्यांचा. एका आजीबाईंच्या नोटा मोजताना आमच्या शेजारच्या कॅशियरला चक्क ठसका लागला. आजीबाई म्हणाल्या, "चटणीच्या बरनीत हुत्या बाबा. तितं आमचं मालक हात घालत न्हाईत."

मी रात्री साडेदहाला घरी यायचो. आमची ही रोज विचारायची, "काय करू?" आणि मी रोज म्हणायचो, "काहीही कर, जे असेल ते." मग पिठलं. त्या महिन्यात मी इतकं पिठलं खाल्लं, की वाटलं आता अंगावर गाठी उठतील. डिसेंबरातल्या एका रात्री जेवण झाल्यावर ती पातेल्याची खरवड उलथन्याने काढत होती. खरवड नेहमी तिच्याच वाट्याला येते, आवडते म्हणते. ती उठली, फडताळातल्या बेसनाच्या डब्यामागून एक छोटा डबा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. पाचशेच्या नऊ नोटा.

"हे कुठले?" मी विचारलं.

"भाजीचे. ज्या दिवशी पिठलं करते, त्या दिवशीचे भाजीचे पैसे त्यात टाकते. तीस-तीस. सुटे साठले की वाण्याकडून नोट करून घेते."

मी सवयीने भागाकार केला. साडेचार हजार भागिले तीस. दीडशे पिठली.

"उद्या आपल्या जॉइंट खात्यात भरतो," मी म्हणालो.

"नको. माझ्या एकटीच्या नावाचं उघडा."

फॉर्म दप्तरात होताच. तिथेच ताटं बाजूला सारून भरायला घेतला. नाव, पत्ता, जन्मतारीख झालं. उत्पन्नाचं साधन या रकान्याशी पेन थांबलं.

"इथे काय लिहू?"

तिने खरवडीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

"लिहा," ती म्हणाली, "न आणलेली भाजी."